साय न येणारं दूध

अंगणवाडीत पोरांची वजनं घेतात त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. पोरीला झोळीत ठेवतात, झोळी काट्याला अडकवतात, ती पाय झाडते, काटा हलत राहतो, आन् तो थांबेपर्यंत मी श्वास घेत नाय.

गेल्या वर्षापासून हे असं झालंय. पोरगी तेव्हा सव्वा वर्षाची. तोवर कार्डावरचा तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यात असायचा, मी नीट बघायचेपण नाय. त्या दिवशी सेविकेनं दोनदा वजन केलं आन् म्हणाली, "दोन महिने झाले, आहे तिथंच आहे. खाते ना?" मी म्हटलं, खाते की, दूध तर वाटीवाटीनं पिते. "मग असं कसं? पुढच्या वेळी पिवळ्यात जाईल ही. दवाखान्यात दाखवून आण." मी पोरीला उचललं आन् जी निघाले ती घरीच. माझी चप्पल अंगणवाडीच्या दारात राहिली, शेजारणीनं आणून दिली.

घरातलं दूध बदललं होतं. मीच बदललं होतं. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलंच नाय.

बाळंतपणानंतर माझं पोट उतरत नव्हतं. नणंदेच्या हळदीत नवऱ्याची मामी सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गो, एवढ्यात दुसरं?" बायका हसल्या, मीपण हसले, आन् त्या दिवसापासून मला पोटाशिवाय दुसरं काय सुचेना. मी नवीन पनवेलला एका ताईंकडं स्वयंपाकाला जाते. ताई जिमला जातात, पनीर वजन करून खातात, दही लो फॅट, दूध पण लो फॅट. एकदा धीर करून विचारलं, ताई, हे दूध पिऊन बारीक होतात का. त्या दारात होत्या, ऑफिसची बॅग खांद्याला. म्हणाल्या, "प्रोटीन तेवढंच, फॅट कमी. चांगलं असतं." मी तेवढंच ऐकलं, चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानात म्हटलं, ते बारीक व्हायचं दूध द्या. दुकानदार हसायला लागला. "कुणाला बारीक करायचंय वहिनी, दादाला?" पण दिलं.

आता घरात दुधाचं पातेलं एकच. दुसरं ठेवलं तर सासू विचारणार हे कशाला, आन् मला कुणाला सांगायचं नव्हतं. म्हणून सगळ्यांना तेच दूध. सासूच्या चहाला तेच, पोरीच्या वाटीत तेच. रिकामी पिशवी मी बाहेरच्या बाहेर कचऱ्यात टाकायचे. मला वाटायचं, जे जिमवाल्या ताईंना चांगलं ते माझ्या पोरीला वाईट कसं असेल, उलट मोठ्या घरातलं हाय.

पण सासू साय काढते. रोज सकाळी गार दुधावरची साय डब्यात, डबा भरला की लोणी, मग तूप. डबा भरेना.

"साय कुठं जाते गो?"

"येतच नाय आई."

"येत नाय? घरात मांजर तर नाय. म्हणजे दोन पायांची असणार."

रोज हेच. शेजारणीला पण सांगून आली, आमची सून साय खाते म्हणून तिचं पोट उतरत नाय. माझं डोकं फिरलं. अंगणवाडीतून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर दूध तापत ठेवलं. म्हटलं, आई, बसा हितं, बघा कोण खातं ते. दूध वर आलं, गॅस बंद केला, गार होईस्तोवर दोघी पातेल्यासमोर बसून राहिलो. वर नुसता पापुद्रा आला. सासूनं चमच्यानं उचलायला बघितला तर फाटला.

मला वाटलं, आता गप्प बसेल. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचा दंड चाचपला.

"तूप संपून महिना झाला. हिच्या भातावर मी तेच घालायची. काय पाजतेस तू हिला?"

तेव्हा मला कळलं. दुधातलं गेलं आन् भातावरचं पण गेलं, दोन्ही मीच काढून घेतलं पोरीचं. सगळं सांगितलं, हळदीपासून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पोरीच्या पायावरनं हात फिरवत राहिली.

कामावर गेले आन् दारातच ताईंना विचारलं. या वेळी त्या बॅग ठेवून बसल्या. "अगं, ते माझ्यासाठी. मी दिवसभर खुर्चीत असते, फॅट बदामातून, अंड्यातून मोजून घेते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना साय असलेलंच दूध द्यायचं, त्याच्यावर वाढतात ती. डॉक्टरांना विचार."

"आन् मी पिऊ का?"

"पी की, वाईट नाहीये ते. पण तू अंगावर पाजतेस, दिवसभर उभी असतेस, तुला कशाला? आणि नुसत्या दुधानं पोट उतरत नाही गं. माझं तरी कुठं उतरलं?" त्या हसल्या. मला हसायला आलं नाय.

दवाखान्यात डॉक्टरनं पोरीला तपासलं, दुधाचं तेच सांगितलं, वर म्हणाले, नुसतं दूध पाजत बसू नका, भात-डाळ, अंडं द्या. जुनं दूध परत आलं. महिनाभर मी पोरीला दिवसातनं दहादा उचलून बघायचे, जड वाटते का. कधी वाटायची, कधी नाय.

वजनाच्या दिवशी सासू बरोबर आली. काटा थांबेना. सासू सेविकेला म्हणाली, "घाई करू नको, नीट थांबू दे." थांबला. ठिपका वर सरकला होता, थोडासाच, पण सरकला होता.

माझं पोट हाय तसंच हाय. सकाळी दूध गार झालं की सासूच्या आधी मीच झाकण उचलते. साय असते. तरी बोट लावून बघते.