स्तामेंकाचा पुढचा दात

आमची शेजारीण स्तामेंका. तीस वर्षं सायकलवरून गावाचं टपाल वाटलं तिनं, आणि कुणाला कुठून पत्र आलं ते सगळं मला सांगितलं. स्वतःचं एक गुपित मात्र पोटात ठेवलं. वरचा पुढचा दात खोटा. अठराव्या वर्षी दातानं आक्रोड फोडायला गेली नि दातच फुटला. आईनं परगावी नेऊन उरलेल्या तुकड्यावर खोट्या दाताची टोपी, म्हणजे कॅप, बसवून आणली आणि शपथ घातली, सासरी कळता कामा नये.

यंदा मुलाचं, उग्लेशाचं, नोवी साद शहरातल्या मुलीशी जमलं. संत निकोलाच्या दिवशी, आमच्याकडे घरोघर ज्याची पंगत असते त्या सणाला, विहीण नेवेना लेकीला घेऊन पहिल्यांदा येणार होती. फोनवरच्या फोटोत तिचे दात असे पांढरे, की स्तामेंकानं आरसा हातात घेतला तो खाली ठेवीना. दिवसाला नऊ कॉफ्या, वर सिगारेट. दात काय हिऱ्यासारखे राहणार? म्हटलं, "अगं, ती दात बघायला येतेय की घर?" ऐकेल तर ना.

सणाला चार दिवस उरले तेव्हा बाई डॉक्टरकडे. डॉक्टरीण बिचारी नीट समजावत होती. एक रस्ता घरचा: दाताच्या मापाचा साचा करून द्यायचा, त्यात सौम्य औषध घालून पंधरा दिवस लावायचं. दुसरा दवाखान्यातला: हिरड्या झाकून कडक औषध, दीड तासात काम, पण दोन दिवस दात ठणकणार, आणि आठवडाभर कॉफी, लाल वाईन, बीट बंद. मग विचारलं, पुढे खोटा दात आहे का? कारण औषधानं खऱ्या दातांचा रंग उतरतो, खोट्याचा नाही.

आता घोळ बघा. तिथली नर्स म्हणजे स्तामेंकाच्या नवऱ्याची चुलत बहीण. तिच्यासमोर तोंड उघडलं तर संध्याकाळपर्यंत सासरभर बातमी. म्हणून ही म्हणाली, सगळे माझेच. डॉक्टरणीनं त्याच दातावर टिचकी मारून पुन्हा विचारलं. हिनं चक्क संत निकोलाची शपथ घेतली. डॉक्टरीण म्हणाली, बरं, मग इथं सही करा.

दीड तासानं हिनं आरसा बघितला. सगळे दात दुधासारखे, नि मधोमध तो एक, जुन्या पियानोच्या पट्टीसारखा पिवळा. नवी टोपी लगेच मिळेना, दातांचा रंग स्थिरायला दोन आठवडे थांबावं लागतं म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, आणि मी कॉफी ठेवली तर तीही पिता येईना.

सणाच्या दिवशी मी तिला मदतीला. स्तामेंकानं ओठ असे मिटले, जसं पाकिटाला गोंद लावलाय. विहिणीला दारात नुसती मान हलवली. मेणबत्ती लागली, गोड गहू वाटले, मासा आला, कारण नाताळाआधीच्या उपासात आमच्याकडे तो चालतो, मग कॉफी आली. हिनं कपाला हात लावला नाही. आमच्याकडे पाहुण्याबरोबर कॉफी न पिणं म्हणजे उठा म्हणण्यासारखं. नेवेनाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिनं कोट मागितला. लेकीला म्हणाली, चल, यांना आपण नकोत. उग्लेशाचा चेहरा पांढराफटक.

मी स्तामेंकाला कोपर मारलं. तिनं डोळे मिटले आणि बोलली. "विहीणबाई, बसा हो. नको कशा असाल? तुमच्यासाठी दात पांढरे करून घेतले, आणि हा बघा. हा खोटा आहे. लग्नाआधीपासून. कुणाला ठाऊक नाही."

नेवेना कोट हातात धरून हसायलाच लागली. बसली खाली. आता सगळं निभावलं म्हणावं, तर स्तामेंकाचा नवरा रादिसाव पावाला मासा लावत म्हणतो, "ठाऊक कसं नाही? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनंच मला सांगितलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कुठं विचारलंस?"

त्यानंतर तिनं त्याला जे सुनावलं, ते सणाच्या दिवशी लिहू नये. नेमका तेव्हाच होणाऱ्या सुनेनं फोटो काढला. नेवेनाच्या दिवाणखान्यात लावलाय तो: सगळे हसताहेत, आणि मधोमध स्तामेंका, तोंड पूर्ण उघडं, पिवळा दात स्पष्ट. मागच्या आठवड्यात नवी पांढरी टोपी बसवली. रोजच्या नऊ कॉफ्या परत सुरू आहेत. डॉक्टरीण म्हणते, वर्षभरात बाकीचे पिवळे होतील आणि हा एकटा पांढरा उरेल. रादिसावशी अजून बोलत नाही.