नऊ पाहुण्यांची मेंढी

रोज सकाळी कचेरीत आल्यावर डोक्याचा रुमाल सैल केला, की ऊलकान खिशातून कुरुत काढायची. सुकवलेल्या दह्याच्या त्या खारट, दगडासारख्या गोळ्या टेबलावर मांडून ती दिवसाचं पहिलं गणित करून बघायची. बारा गोळ्या, चार मुलं, तीन-तीनचे ढीग. उत्तर बरोबर आलं की ते खाऊन टाकायची. बिश्केकच्या त्या शालेय प्रकाशनात छत्तीस वर्षं तिनं तिसरीची गणितं अशीच लिहिली. दात निम्मे गेले, पण पद्धत मोडली नाही.

त्या वर्षी सफरचंदं उतरायच्या दिवसांत तरुण संचालक तिलेकनं यंत्र आणलं. यंत्र कसलं, एक पडदा आणि प्रश्न लिहायला एक चौकट. प्रकाशनाची सगळी जुनी पुस्तकं त्याला वाचायला दिली होती. चहा ओतून होईपर्यंत त्यानं भागाकाराची चारशे गणितं लिहून टाकली.

"एजे, बघा तरी!" तिलेक म्हणाला. वयानं मोठ्या बाईला तिथं सगळेच एजे म्हणतात.

"बघते की. चारशे गणितांना पोतंभर कुरुत लागेल. तू आणणार?"

तिलेक हसला. मग चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी पाठ्यपुस्तक मंडळ बसतंय. गणितं पसंत पडली, तर तुमचं टेबल बंद करायचं म्हणतायत. पेन्शन काय, तुमची चालू आहेच."

ऊलकान चहात घातलेला मुरांबा ढवळत राहिली, तो विरघळून गेल्यावरही.

दोन दिवस ती ती चारशे गणितं निवडत बसली, तांदळातले खडे निवडावेत तशी. खडा काही सापडेना. मग एकशे अठरावं गणित आलं. 'घरी नऊ पाहुणे आले. मेंढी कापली. तिचे सत्तावीस तुकडे झाले. सर्वांना सारखे वाटल्यास प्रत्येकाला किती?'

ती इतकी हसली की रुमाल सुटला.

"तिलेक, अरे धाव! तू आणलेल्या या नव्या सुनेनं भर पंगतीत आपली अब्रू घालवली!"

तिलेकनं वाकून वाचलं. "सत्तावीस भागिले नऊ, तीन. बरोबर तर आहे."

"तुझ्या आजोबांना तीन आणि काल चालायला लागलेल्या तुझ्या भाच्यालाही तीन? कमरेचं मानाचं हाड कुणाला? डोकं कुणासमोर ठेवलं? कान कुठल्या नातवाला? सासुरवाडीत असं वाढून बघ, मग बायको नांदते का ते कळव मला."

"बायकोचं सोडा," तिलेकनं मान्य केलं. "सासरा घोडा काढून माझ्या मागे लागेल."

ऊलकाननं लाल पेन्सिलनं त्या गणिताभोवती गोल काढला. एवढं एक पुरेसं होतं. हे पुस्तक घराघरांत जाणार, आणि घराघरांत आजोबा होते.

बुधवारी, असं गणित नीट कसं लिहायचं ते मंडळाला दाखवावं म्हणून तिनं कपाटावरची जुनी पुस्तकं उतरवली. सगळ्यात जुनं तिसरीचं होतं, पाठ उसवलेलं. पान एकसष्टवर नऊ पाहुणे बसलेले होते. तीच मेंढी, तेच सत्तावीस तुकडे. पुस्तकावर लेखिका म्हणून तिचंच नाव होतं.

तिचं नोकरीतलं पहिलं वर्ष. तेव्हा सोव्हिएत राजवटीत सगळंच सगळ्यांना सारखं वाटायचे दिवस होते, त्यात मेंढीही आली. पाहुण्यांत मोठं कोण, हे संपादकांना विचारायचा तिला धीर झाला नव्हता. यंत्र बिचारं तिच्याकडूनच शिकलं होतं.

तिनं पुस्तक कपाटावर ठेवलं. खाली काढलं. परत ठेवलं. घरी जाताना ते तिच्या पिशवीत होतं.

गुरुवारी मंडळात तिनं एकशे अठरावं गणित वाचून दाखवलं. हशा पिकला. तिलेकचे कान लाल झाले. कोणीतरी म्हणालं, "पाठवा ते यंत्र परत! ज्याला पाहुणे बसवता येत नाहीत, ते पोरांना काय शिकवणार?"

खाली बसायची हीच वेळ होती. गुडघेही दुखत होते. ऊलकान उभीच राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "मेंढी माझी आहे." आणि उसवलेलं पुस्तक तिनं टेबलावर उघडून ठेवलं.

मंडळाचे प्रमुख बेकबोलोत आगाय, म्हणजे गुरुजी, जन्मभर खेड्यात मास्तरकी केलेले, पुस्तक नाकाशी धरून वाचू लागले.

"म्हणजे ती तू होतीस?" ते म्हणाले. "सतरा वर्षं शिकवलंय मी हे गणित. 'तीन' असं उत्तर एका पोरानं दिलं असेल तर शपथ! पोरं आधी विचारायची, आगाय, पाहुण्यांत म्हातारं कोण? जावई आहे का? भांडणात तास संपायचा, मेंढी तशीच."

"मग मला एक पत्र नाही टाकवलं?"

"टाकलं असतं तर तू बदललं असतंस. वर्षातला तेवढाच तास कुणी झोपायचं नाही."

तिलेकनं घसा खाकरला. "आगाय, मग यंत्राचं काय करायचं? आणि एजेंच्या टेबलाचं?"

"यंत्र राहू दे. लिहितंय तर लिहू दे. पण लिहिलेलं खाऊन कोण बघणार? त्याला तोंड कुठंय?" आगायांनी पुस्तक ऊलकानकडे सरकवलं. "टेबल हलवू नका."

पुढची दोन वर्षं यंत्र लिहायचं आणि ऊलकान चाखायची. कुरुत तिलेक आणायचा. नऊ पाहुण्यांना आता कणकेचे तळलेले गोळे, बोरसोक, सारखे वाटले जात. मेंढीही पुस्तकात राहिली, फक्त खालचा प्रश्न बदलला: 'वाटायला बसण्याआधी तुम्ही काय विचाराल?' पडद्यावर नवं गणित उमटलं की ऊलकान त्याला दटावायची, "आधी वयं विचार गं बाई, मग सुरी उचल."

मार्चमधल्या एका सोमवारी ती आली नाही. झोपेतच गेली होती. तिलेकला आठवत राहिला तो आदला शुक्रवार. दोन मुलांत आठ गोळ्या वाटायचं साधं गणित तिनं मांडलं होतं, आणि तेवढ्यात ती चहाचं पाणी आणायला उठली होती. परत येऊन तिनं ढीग मोजले, पुन्हा मोजले, आणि चष्म्यावरून थेट त्याच्या फुगलेल्या गालाकडे बघितलं.

"आठ होत्या ना रे? एक कुणी खाल्ली?"