कातरणाची फाईल

माझे मामा बेचाळीस वर्षं शिंपी होते. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना, तेव्हा मामीने ओळखलं की आता हे घरी बसून आपलं डोकं खाणार. तिने माझ्याकडून जुना कॉम्प्युटर मागून नेला आणि दुकानात ठेवला. वर्षभरात दुकानाच्या पाटीवर ‘लेडीज-जेंट्स’च्या जागी ‘सीडीवरची गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून मिळतील’ असं आलं. कॉम्प्युटर शिवणयंत्रावरच बसला. विचारात पडले की मामा अजूनही खाली पायडल मारतात.

धंदा बदलला, पण जित्याची खोड थोडीच जाते! गिऱ्हाईक आलं की मामांचा पहिला प्रश्न, “सैल हवं की घट्ट?” सैल म्हणजे वेव्ह फाईल, जागा खाणारी पण आवाज जसाच्या तसा ठेवणारी. घट्ट म्हणजे दाबून लहान केलेली एमपीथ्री. “घट्ट घेतलंत तर नंतर उसवून सैल होणार नाही, आत्ताच सांगतो,” असा दमही भरायचे. प्रत्येक सीडीवर, कापडाला लावतात तशी, नंबराची चिठ्ठी चिकटवायचे. घरगुती रेकॉर्डिंग असेल तर त्यातला खोकला, खुर्च्यांची ओढाताण, दाराची कडी, सगळं निवडून कापायचे. आणि कापलेलं फेकायचे मात्र नाहीत. गिऱ्हाइकाच्या कापडाचा बोटभर तुकडाही त्याचाच, हा त्यांचा नियम. सगळे तुकडे जोडून ते ‘कातरण’ नावाची वेगळी फाईल पेन ड्राइव्हमध्ये घालून द्यायचे.

एका ठेकेदाराने नातीच्या वाढदिवसाला नेमकी तीच फाईल लावली. शंभर पाहुण्यांनी केकभोवती उभं राहून नऊ मिनिटं खोकला ऐकला. दुसऱ्या दिवशी ठेकेदार दुकानात येऊन जे बोलला, ते मी इथे लिहीत नाही.

मी तेव्हा दुकानातच होते. मला राग आवरेना. “मामा, आजपासून कातरण बंद! द्यायचं नाही, ठेवायचं नाही. कापलं की उडवायचं.”

“बरं,” मामा म्हणाले.

मामा इतक्या लवकर ‘बरं’ म्हणाले की मामी सावध होते. मला तेवढी अक्कल नव्हती.

त्याच आठवड्यात बाई आल्या. त्यांनी मला चौथीत शिकवलंय, त्यामुळे त्या दिसल्या की मी अजून उभी राहते. हातात एकच सीडी. वीस वर्षांपूर्वी त्या घरी गायल्या होत्या आणि त्यांच्या मिस्टरांनी ते रेकॉर्ड केलं होतं. मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली होती. “मधेच अडकते हो. एवढी एकच आहे, जपून करा,” बाई म्हणाल्या.

मामांनी चार दिवस खपून गाणी अशी स्वच्छ केली की शिंक ऐकायला मिळू नये. मग परत देण्याआधी सीडीवरची चिठ्ठी सोलली, तर चिठ्ठीबरोबर सीडीची चंदेरी सालही निघून आली. मागे उरली नुसती काचेसारखी आरपार चकती. मामांनी बाईंची हात जोडून माफी मागितली. “जाऊ द्या, गाणी आहेत ना,” म्हणत बाई पेन ड्राइव्ह घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. मी उभी राहिले.

“गाणी छान झालीत,” बाई म्हणाल्या. “पण ह्यांचा खोकला कुठंय?”

“खोकला?”

“मी गायले की हे समोर बसून खोकायचे. मधेमधे बोलायचे. आयुष्यभर त्यावरून भांडले मी. आता ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं.”

खोकला कापला होता, सीडी सोलली होती, आणि कातरण उडवायचा हुकूम माझा होता. “बाई, चूक माझी आहे,” मी कसंबसं म्हणाले. खाली मामांचं पायडल जोरात चाललं होतं. मग ते थांबलं. मामांनी यंत्राचा खण उघडला आणि बटणांच्या डब्यातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर बाईंच्या नंबराची चिठ्ठी होती.

“तू उडव म्हणालीस,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण गिऱ्हाइकाचं कापड मी टाकू कसं?”

फाईल सुरू झाली. खोकला. खुर्ची. बशीवर चमचा. मग एक जाडसर आवाज, “वरचा सूर नाही लागला. पुन्हा घे.”

“लागला होता!” बाई कॉम्प्युटरवर ओरडल्या.

पुन्हा खोकला. “बरं, लागला. चहा टाकतेस का?”

बाई खदखदून हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. मलाही रडू आलं. चौदा मिनिटं आम्ही तिघं एका माणसाचा खोकला ऐकत बसलो.

“एवढी फाईल माझ्या मोबाईलवर घालून द्या,” शेवटी बाई म्हणाल्या.

“सैल की घट्ट?”

“सैल. काही दाबू नका.”

“आणि गाणी?”

“गाणी राहू द्या. ती मला येतात.”