हरवतात ती मोठी माणसं

या गावात मुलं हरवत नाहीत, आईबाप हरवतात. नव्या पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटतं, पण ही रीत भोंगामावशीने घातली आहे आणि गावाला तिचा सार्थ अभिमान आहे.

गाव मुळात मिठागरांचं. पुढे कोणा डॉक्टरने छातीचे रोगी समुद्राची हवा खायला इकडे धाडले. रोग्यांसाठी खोल्या निघाल्या, त्यांना भेटायला येणाऱ्यांसाठी आणखी निघाल्या, आणि बघता बघता भेटायला येणारेच जास्त झाले. रोगी बरे होऊन गेले, पाहुणे मात्र येतच राहिले. आज समुद्रासमोरच्या रस्त्यावर एक घर असं नाही की ज्याच्या गॅलरीत परक्या माणसाचा टॉवेल वाळत नाही.

मावशीचा नवरा किनाऱ्यावर खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने द्यायचा. शेवटच्या बसची वेळ ओरडून सांगायला नगरपालिकेने भोंगा बसवला, तेव्हा त्यावर बोलायला कोणी धजेना. मावशीने घरात हाक मारली की तिसऱ्या गल्लीतला माणूस 'ओ' देतो, अशी तिची ख्याती. म्हणून तिलाच किनाऱ्यावरच्या भोंग्याच्या चौकीत बसवलं. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं मी एकट्याने ऐकलं. आता जरा गावानेही ऐकावं."

पहिल्याच हंगामात एका मुलाची आई रडत आली. मावशीने सरळ सांगून टाकलं की अमुक मुलगा हरवला आहे. झालं! अख्खा किनारा कपड्यांसकट पाण्यात धावला. पोहता न येणारेही धावले, त्यांना काढता काढता जीवरक्षकांचा जीव जायची वेळ आली. आणि मुलगा आइस्क्रीमच्या गाडीमागे निवांत खड्डा खणत होता.

त्या दिवसापासून मावशीच्या तोंडून मुलासाठी 'हरवलं' हा शब्द निघाला नाही. कोणी चुकलेलं मूल आणून दिलं की ती त्याला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवी, हातात बिस्कीट देई आणि म्हणे, "घाबरू नकोस, तुझी माणसं सापडतील." मग भोंग्यावर खणखणीत आवाजात सांगे, "लक्ष द्या. निळ्या चड्डीतल्या एका मुलाचे आईवडील हरवले आहेत. त्यांनी चौकीत यावं. मुलगा रागावलेला नाही." किनारा हसे, मूल रडायचं थांबे आणि आईबाप ओशाळून हजर होत.

गाव तिला भोंगामावशी म्हणू लागलं. तिला ते आवडायचं. तिच्या मुलाला मात्र नाही. शाळेत पोरं त्याला 'भोंग्या' म्हणून चिडवायची. मोठा होऊन तो शहरात नोकरीला लागला आणि तिथे आई काय करते असं कोणी विचारलं, तर "नगरपालिकेत आहे" एवढंच सांगून विषय बदलायचा.

एका वर्षी तो बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन सुट्टीला आला. पहिले दोन दिवस नात चौकीत आजीचं काम बघत बसली. रविवारची दुपार, वाळूत पाय ठेवायला जागा नाही, भरती चढत होती. अनवाणीच तो चौकीत शिरला. चेहरा पांढराफटक.

"आई, पोरगी दिसत नाही."

मागे सून उभी होती, तिच्या हातात मुलीची एक चप्पल. तिला पिवळी टोपी घालून झाली, दुसरी चप्पल घालते आहे तोवर मुलगी सटकली होती. शोधून शोधून दोघं थकली होती. मुलगा म्हणाला, सरळ सांग हरवली म्हणून, ही काय थट्टेची वेळ आहे?

मावशीने खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. तो शब्द उच्चारला तर हीच सगळी गर्दी पाण्याकडे धावेल, आणि त्या पायांखाली पाच वर्षांचं पोर कोणाला दिसेल? न उच्चारावा, तर नात अजून कोणालाच सापडलेली नव्हती. त्या पहिल्या मुलानंतर मूल नेहमी आधी चौकीत यायचं; असं पुन्हा कधी झालं नव्हतं. तिने माईक ओढला आणि बटण दाबलं.

"लक्ष द्या. भोंगामावशी हरवली आहे. पुन्हा सांगते, भोंगामावशी हरवली आहे. पिवळ्या टोपीतल्या तिच्या नातीने चौकीत येऊन आजीला शोधून काढावं. रस्ता ठाऊक नसेल तर वाटेत कोणालाही विचारावा."

पाहुणे हसले. गावाला मात्र एका क्षणात कळलं. जीवरक्षक न बोलता गुडघाभर पाण्यात ओळीने उभे राहिले. लांबवर नजर पोचावी म्हणून खुर्चीवाले छत्र्या मिटू लागले. गॅलऱ्यांतून बायका वाकून पिवळी टोपी शोधू लागल्या. धावलं कोणीच नाही.

"आई, असं बोलून ती येणार आहे का?" मुलगा कळवळून म्हणाला.

"अरे, 'हरवलं' म्हटलं की पोर घाबरून कुठेतरी दडी मारतं. शोधायला निघालं की रस्त्याने येतं. थांब जरा."

ते थांबणं कसं होतं ते तिघांनाच ठाऊक.

मग दार ढकललं गेलं. पिवळी टोपी पुढे आणि तिने बोट धरून ओढत आणलेली, किनाऱ्यावर टॉवेल विकणारी बाई मागे. टॉवेलवाली धापा टाकत होती. नातीने कमरेवर हात ठेवला.

"आजी, इथेच तर आहेस! कुठे जायचं तर सांगून जायचं ना?"

"चुकलंच माझं, बाई," मावशी म्हणाली. ती मटकन ट्रंकेवर बसली. सापडल्याचं गावाला कळवायला हवं होतं, पण त्या खणखणीत गळ्यातून आवाजच फुटेना.

मुलाने तिच्याकडे पाहिलं, माईक ओढला आणि बटण दाबलं.

"लक्ष द्या. भोंगामावशी सापडली आहे. मी तिचा मुलगा, भोंग्या, बोलतोय. गावाचे आभार."

किनाऱ्यावरून टाळ्या आल्या, शिट्ट्याही आल्या. कोणीतरी "शाब्बास रे भोंग्या!" म्हणून ओरडलं आणि तो चक्क हसला.

एवढ्यात दोन पाहुणे एका अनोळखी म्हातारीला दोन्ही दंडांना धरून घेऊन आले. भोंगामावशी शोधून काढली म्हणून दोघांचे चेहरे फुललेले. म्हातारी बिचारी परोपरीने सांगत होती की ती हरवलेली नाही, आपल्या खुर्चीत डुलकी काढत होती.

नातीने आजीला ट्रंकेवरून उठवलं, म्हातारीला तिथे बसवलं आणि तिच्या हातात बिस्कीट ठेवलं.

"घाबरू नका," ती म्हणाली, "तुमची माणसं सापडतील."