चिंचेनं घासलेला संगमरवरी चौरंग

बायांनो, माझा पूजेचा संगमरवरी चौरंग, रंगीत दगडांची वेल जडवलेला, लेकानं मला न इचारता इकायला काढला. आज सकाळी पुण्याचा व्यापारी बघायला येणार हुता.

चौरंग चमकावा म्हणून सुनेनं तो पितळेसारखा चिंचेनं घासला. चिंच संगमरवराला खाती, हे मला ठावं हुतं. मी गप बसून बघत राहिले.

व्यापाऱ्यानं हात फिरवला. "तकाकी गेली की हो," म्हणाला आणि निघाला.

लेक बायकोवर खेकसला. मी म्हणलं, "तिला कशाला बोलतुस रं? आईची वस्तू इकताना लाज न्हाय वाटली?"

चौरंग खरखरीत झालाय, पण घरात हाय. तुमी सुनेचा हात धरला असता का, सांगा.