शिशाचा बोनापार्ट आणि एरंडोलची बदली

साहेबांच्या पायदळाने चौकोन केला आणि माझं घोडदळ त्याच्यासमोर अडलं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं.

धुळ्याच्या इंजिनिअर ऑफिसात मी ड्राफ्ट्समन. आमच्या साहेबांना शिशाच्या सैनिकांची लढाई खेळायचा नाद. शनिवारी काम आटोपलं की मोठ्या ड्रॉइंग टेबलावर पांझरा नदीची वाळू पसरायची. चाल फूटपट्टीने मोजायची, कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. साहेब नेहमी इंग्रज. मी नेहमी नेपोलियन, म्हणजे हरणारा.

वाळूच्या टेकड्या करायचं आणि सैनिक रंगवायचं काम रहीमचं. तो आमचा ट्रेसर, म्हणजे नकाशावर पातळ कापड ठेवून नक्कल काढणारा. त्याची आई एरंडोलला एकटी, डोळ्यांनी अधू. तिथे जागा रिकामी झाली होती आणि रहीमचा बदलीचा अर्ज साहेबांपुढे होता. साहेब जिंकले की दिलदार होत. म्हणून हेडक्लार्क नाना दुपारीच माझ्या टेबलाशी आले.

"आज नीट मरजो, बोनापार्ट."

"मरतोच आहे, नाना. दर शनिवारी."

"लवकर मर. फक्त साहेबाला कळू देऊ नको."

चौकोन म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभं राहिलेलं पायदळ. घोडे त्यात घुसत नाहीत. पण माणसं दाटीने उभी असतात, तोफेचा एक गोळा पुष्कळांना नेतो. आणि घोडदळ समोर असेपर्यंत त्यांना पांगताही येत नाही. मला हे केव्हाच कळलं होतं. तरी मी तोफा टेकडीमागे ठेवून घोडे मरू देत असे.

साहेब माझे मेलेले घोडे डब्यात टाकत म्हणाले, "तुमचा नेपोलियन कारकुनासारखा लढतो."

मी तोफा पुढे घेतल्या. मनाशी म्हटलं, लढाई खरी वाटायला हवी, थोडे गोळे झाडू आणि थांबू. पहिल्याच फेरीत एक चौकोन गेला. मग दुसरा. नाना खोकले. रहीम दाराशी ब्रश पुसत उभा होता, तो मला दिसत होता. तरी मी पुन्हा फासे टाकले. इतक्या शनिवारांनंतर ते बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

साहेबांची फळी मोडली. मला वाटलं, चिडतील. ते उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आता कुठे खेळ सुरू झाला. पुढच्या शनिवारी तुम्हाला हरवतो."

नानांनी संधी साधली. "साहेब, तो रहीमचा अर्ज..."

"मग टेकड्या कोण करणार? मी जिंकेपर्यंत तो कुठेही जात नाही."

बाहेर रहीम एवढंच म्हणाला, "भाऊ, तोफा जरा मागे राहिल्या असत्या तर?"



पुढच्या शनिवारी मी अगदी मन लावून हरलो. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हा डाव धरायचा नाही." त्यानंतरचाही त्यांनी धरला नाही. दरम्यान एरंडोलची जागा दोंडाईच्याच्या माणसाला मिळाली. रहीम अजून वाळू चाळतो. माझ्या सैनिकांचे निळे कोट तो पूर्वीइतकेच नीट रंगवतो. मी ते त्याच्याकडे न बघता घेतो.

साहेबाला एकदा हरवलं की नंतर आपलं हरणं तो खरं मानत नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.