हिरव्या दगडाची विहीर

काका गेले त्या दिवशी वांबोरीकडून एक टेम्पो आमच्या केडगावच्या घरापुढे थांबला. त्यातून तिथले शेतकरी भानुदासभाऊ पाण्याची कळशी घेऊन उतरले. ते पाणी त्यांनी काकांच्या मुखात घातले.

काकांना घरात सगळे 'दगडकाका' म्हणत. आमचे घराणे मास्तरांचे आणि कारकुनांचे. काकांनी शाळेची नोकरी सोडून विदर्भात मँगनीजच्या खाणीत भागी घेतली, ती बुडाली. मग इकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात खडीचे मशीन टाकले. तेही बंद पडले. आजोबा म्हणायचे, "पेन्शन सोडून हा पाताळ धुंडाळतोय." काका शांतपणे भाकरी मोडत. "अण्णा, वर गर्दी फार झाली."

मग ते विहिरींकडे वळले. आपल्या काळ्या खडकाच्या पोटात कुठे कुठे पोकळी असते, तिच्यात स्फटिक वाढलेले असतात. हौशी लोक ते विकत घेतात. नवी विहीर खणतायत असे कळले की काका मोटारसायकल काढत. खिशात छिन्नी, पिशवीत दगड गुंडाळायला वाळके गवत. "दगडाला घाई चालत नाही," म्हणत दिवसदिवस एका पोकळीशी बसत. पांढरे, गुलाबी पुष्कळ मिळाले, त्यावर संसार झाला. जन्मभर शोधला तो हिरवा.

तो भानुदासभाऊंच्या विहिरीत लागला. मी काठावर उभी होते. काका खाली उतरले, पोकळीत बॅटरी धरली आणि तिथेच गुडघ्यांवर बसले. सुरुंगाची भोकं पाडून झाली होती; बार उडाला की दगडाचा चुरा होणार होता. सुरुंगवाला संध्याकाळी दुसऱ्या गावाला निघणार होता, परत कधी येईल याचा नेम नव्हता. दगड सोडवायला आठवडा तरी हवा होता, आणि वर डाळिंबाची बाग वाळत होती.

"मास्तर, तुमी काढा तुमचा दगड," भानुदासभाऊ वाकून म्हणाले. "बागेचं बघू काय व्हायचं ते."

काका वर आले. पँटला हात पुसले.

"दगडाला घाई नाही, भानुदास. तुझ्या झाडांना आहे. उडव."

"लई येडे हाय तुमी, मास्तर."

सुरुंग उडाला. पाणी लागले.

"केवढा होता?" परतताना मी विचारले.

"बघितला ना मी," काका म्हणाले.

हातचे घालवले, असे नातेवाईक अजून म्हणतात. काकांनी काय मिळवले असे कोणी विचारले, की मी ही विहीर सांगते.

आमच्या कपाटात पांढरे आणि गुलाबी दगड आहेत. हिरवा नाही. भानुदासभाऊंच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असते.